भाड्याचे घर आणि पतनोंदीची वही

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला दिलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. अमेरिकेतील कष्टकऱ्याला भाड्याचे घर मिळवताना त्याची बिघडलेली पतनोंद कशी आडवी येते, हा तो विषय. महागाई, कंत्राटीकरण, कामगार संहिता आणि जातीयवादी शक्तींचे आव्हान आपल्यापुढे उभे असताना हजारो मैलांवरच्या भाडेकरूंची कहाणी आपण का ऐकावी, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मी शेवटी देणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की, अमेरिकेत ही पतनोंदीची वही ज्या तीन बड्या कंपन्या लिहितात, त्या तिन्ही कंपन्या आज भारतातही तीच वही लिहीत आहेत. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे नाव तीत केव्हाच चढलेले आहे.

वही कोणाची आणि कोणाविषयी?

'पत' हा शब्द आपल्याला नवा नाही. गिरणगावातील कामगारांचे संसार वाण्याच्या उधारीवर चालत असत. पगार झाला की वहीतील आकडा खोडला जाई आणि दुसऱ्या दिवसापासून नवा आकडा चढू लागे. त्या व्यवहारात पिळवणूक नव्हती असे मी मुळीच म्हणणार नाही. चढा भाव आणि खोटे वजन हेही त्या वहीचेच भाग होते. परंतु वाणी गिऱ्हाइकाला ओळखत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा उधारी का थकली आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. कामगार त्याच्याशी बोलू शकत होता, भांडू शकत होता, मुदत मागू शकत होता.

भांडवलशाहीच्या प्रगत अवस्थेत ही वही वाण्याच्या गल्ल्यावरून उचलली जाते आणि मक्तेदार कंपनीच्या हाती जाते. अमेरिकेत १८९९ साली अटलांटा शहरात 'रिटेल क्रेडिट कंपनी' स्थापन झाली. तिचे हस्तक घरोघर हिंडून माणसाच्या व्यसनांविषयी, चारित्र्याविषयी आणि कौटुंबिक जीवनाविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती गोळा करीत आणि ती विमा कंपन्यांना व मालकांना विकीत. या हेरगिरीविरुद्ध एवढा असंतोष माजला की १९७० साली अमेरिकी काँग्रेसला पतनोंदींविषयीचा कायदा करावा लागला. त्यानंतर या कंपनीने नाव बदलले. 'एक्विफॅक्स' या नावाने ती आज जगभर धंदा करते. 'एक्सपेरियन' आणि 'ट्रान्सयुनियन' या तिच्या दोन सहकारी-स्पर्धक कंपन्या. १९८९ साली 'फेअर आयझॅक' या कंपनीने या साऱ्या माहितीचा अर्क एका आकड्यात उतरवला. ३०० ते ८५० यांमधील हा आकडा म्हणजेच 'क्रेडिट स्कोअर'.

हा आकडा कशासाठी बनवला गेला, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. कर्ज घेणारा माणूस पुढील काळात हप्ता थकवील की नाही, याचा सावकाराच्या दृष्टीने केलेला तो अंदाज आहे. भाडेकरू म्हणून तो कसा आहे, याची मोजणी तीत मुळातच नाही. स्वतःच्या घराच्या कर्जाचा प्रत्येक हप्ता या वहीत जमेच्या बाजूला चढतो. परंतु वीस वर्षे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरभाडे चुकते करणाऱ्या भाडेकरूचे ते भाडे बहुधा कोठेही नोंदले जात नाही. ते थकले आणि वसुलीदाराकडे गेले, तर मात्र लगेच नोंदले जाते. म्हणजे मालमत्ता असणाऱ्याची नियमितता हा गुण ठरतो आणि मालमत्ता नसणाऱ्याची नियमितता अदृश्य राहते. वहीची आखणीच वर्गीय आहे ती या अर्थाने.

एका भाडेकरूची पायपीट

ही यंत्रणा कशी चालते हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणारी एक स्त्री डोळ्यांपुढे आणा. हे पात्र मी कल्पिलेले आहे. परंतु तिच्या वाटेवरील एकही पायरी कल्पित नाही.

तिची मासिक मिळकत ३,४०० डॉलर आहे आणि तिला दोन मुले आहेत. राहते घर विकले गेल्याने तिला दुसरे शोधायचे आहे. तिने १,१०० डॉलर भाड्याचे घर पाहिले. भाड्याच्या तिप्पट मिळकत हवी, हा तेथील घरमालकांचा सर्वसाधारण दंडक आहे आणि ती त्यात बसते. तिने अर्ज भरला, त्यासोबत ५० डॉलर शुल्क भरले. हे शुल्क परत मिळत नाही. घरमालकाच्या व्यवस्थापन कंपनीने तिचे नाव छाननी करणाऱ्या कंपनीकडे पाठवले आणि काही मिनिटांत उत्तर आले : नकार.

कारण काय? चार वर्षांपूर्वी तिला आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली होती. विम्याने सारा खर्च दिला नाही. २,४०० डॉलर तिच्या अंगावर पडले. त्याच सुमारास आजारपणात पगार बुडाला आणि क्रेडिट कार्डाचे तीन हप्ते थकले. रुग्णालयाचे देणे वसुली कंपनीकडे गेले, कार्डाची बाकी दुसऱ्या कंपनीला विकली गेली, आणि दोन्ही नोंदी वहीत चढल्या.

तिने दुसऱ्या घरासाठी अर्ज केला, तिसऱ्यासाठी केला, सहाव्यासाठी केला. सहा अर्जांचे ३०० डॉलर गेले. नकार मिळाल्यास तो कोणत्या कंपनीच्या अहवालावरून मिळाला हे कळवण्याचे बंधन घरमालकावर आहे, आणि साठ दिवसांत अहवालाची प्रत मोफत मागण्याचा हक्क तिला आहे. पण प्रत हाती आली म्हणून दार उघडत नाही. कोठे दुप्पट अनामत मागतात, कोठे चांगली पत असलेला जामीनदार मागतात, कोठे जामीन राहणाऱ्या कंपनीचे शुल्क भरावयास सांगतात. गरिबाला गरीब असल्याबद्दल जादा किंमत मोजावी लागते, हा भांडवली बाजाराचा जुना नियम येथेही लागू आहे. अखेरीस कित्येक कुटुंबे आठवड्याच्या बोलीने भाडे घेणाऱ्या मोटेलच्या एका खोलीत राहतात. तेथे पत विचारीत नाहीत. महिन्याचा हिशेब केला तर त्या खोलीचे भाडे साध्या घराहून अधिक भरते. म्हणजे १,१०० डॉलर देण्याची तिची ऐपत नाही असे ठरवून तिच्याकडून त्याहून अधिक वसूल केले जाते!

हे एका स्त्रीचे दुर्दैव नाही. २०२२ साली अमेरिकेतील २ कोटी २४ लाख भाडेकरू कुटुंबे, म्हणजे एकूण भाडेकरूंपैकी निम्मी, मिळकतीच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर खर्च करीत होती. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थिजलेले आहे. जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या सरकारी गणनेत ७ लाख ७१ हजार ४८० माणसे बेघर आढळली. जगातील सर्वांत श्रीमंत भांडवली राष्ट्राचे हे चित्र आहे.

कर्ज फिटते, नोंद फिटत नाही

येथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे. आपल्याच कार्यकर्त्यांकडून तो मी ऐकला आहे. "घेतलेले पैसे परत केले नाहीत तर त्याचे परिणाम भोगावेच लागणार. प्रामाणिक माणसाला भीती कसली?" या आक्षेपाला घोषणांनी उत्तर देऊन भागणार नाही, वस्तुस्थितीने दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, ही थकबाकी कशाची असते? अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२२ साली सांगितले की तेथील पतनोंदींमध्ये ८८ अब्ज डॉलरची वैद्यकीय थकबाकी चढलेली आहे. आजारी पडणे हा अप्रामाणिकपणा आहे काय? आणि हे देणे वसूल करणारे तरी कोण? जुनी थकबाकी घाऊक भावात विकत घेणाऱ्या कंपन्यांचा तेथे मोठा धंदा आहे. संघीय व्यापार आयोगाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे या कंपन्यांनी एक डॉलरच्या थकबाकीसाठी सरासरी अवघे चार सेंट मोजले होते. मूळ धनको चार सेंटवर समाधान मानून मोकळा होतो. ऋणको मात्र पुऱ्या डॉलरसाठी आणि वर वहीतील डागासाठी बांधला जातो.

दुसरी गोष्ट, शिक्षेची मुदत. प्रतिकूल नोंद सात वर्षे राहते आणि दिवाळखोरीची दहा वर्षांपर्यंत. वैद्यकीय थकबाकी फेडली तर ती नोंद काढण्याचे २०२२ पासून कंपन्यांनी मान्य केले आहे. परंतु वसुलीस गेलेली इतर देणी फेडल्यानंतरही त्यांची नोंद या मुदतीपर्यंत राहू शकते. म्हणजे कर्ज फिटते, पण शिक्षा फिटत नाही.

तिसरी गोष्ट, चुका. याच आयोगाच्या २०१३ च्या अभ्यासात पाचांतील एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात चूक आढळली. नामसाधर्म्यामुळे एकाचे देणे दुसऱ्याच्या नावावर चढते. घर खाली करवून घेण्यासाठी मालकाने नुसता दावा दाखल केला, तरी तो भाडेकरूच्या नावावर राहतो. पुढे दावा फेटाळला गेला तरी डाग उरतोच. २०२३ साली ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू छाननी शाखेवर अशाच निष्काळजीपणाचा ठपका आला आणि तडजोडीपोटी तिला १ कोटी ५० लाख डॉलर द्यावे लागले. कंपनीने दंड भरला आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली. चुकीच्या नोंदीमुळे ज्यांचे घर हुकले त्यांना ते दिवस कोण परत देणार? याहून विचित्र गोष्ट २०१७ साली घडली. एक्विफॅक्सकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. ज्यांनी लोकांच्या विश्वासार्हतेचे मोजमाप करावयाचे, त्यांची स्वतःची विश्वासार्हता ही अशी!

चौथी गोष्ट वंशभेदाची. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या. तेथे कर्ज मिळेना. घर घेता येईना. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता साठली नाही. १९६८ च्या कायद्याने घर देताना वंशभेद करण्यास बंदी झाली. आता कोणी रंग विचारीत नाही, आकडा विचारतात. परंतु तो आकडा ज्या इतिहासातून येतो तो त्या लाल नकाशाचाच इतिहास आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी भाडेसाहाय्य मिळणाऱ्या अर्जदारांनी 'सेफरेंट' या छाननी कंपनीविरुद्ध २०२२ साली दावा लावला तो याच मुद्द्यावर. भाड्याचा मोठा हिस्सा सरकार देणार असतानाही जुन्या कर्जाच्या आधारे त्यांना कमी गुण मिळत होते आणि त्याचा फटका प्रामुख्याने कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक अर्जदारांना बसत होता, असे त्यांचे म्हणणे होते. २०२४ साली कंपनीने सुमारे २२ लाख ७५ हजार डॉलर देऊन तडजोड केली आणि अशा अर्जदारांना पाच वर्षे आपला स्कोअर न लावण्याचे मान्य केले.

२००८ : कोणाची पत बुडाली, कोणाची वाचली?

कॉम्रेड्स, पत ही नैतिक गोष्ट आहे हा भ्रम २००८ च्या अरिष्टाने पुरता उघडा पाडला. बुडीत जाण्याजोगी गृहकर्जे बँकांनी एकत्र बांधली, पतमापन संस्थांनी त्यांवर सर्वोच्च दर्जाचा शिक्का मारला आणि ती जगभर विकली गेली. मनोरा कोसळला तेव्हा सरकारने ७०० अब्ज डॉलरची मदतयोजना मंजूर केली. बँकांची पत राज्यसंस्थेने वाचवली. शिक्के मारणाऱ्यांपैकी 'स्टँडर्ड अँड पुअर्स' या संस्थेने २०१५ साली १ अब्ज ३७ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले आणि ती आजही साऱ्या जगातील राष्ट्रांना पतदर्जा देत आहे.

ज्या लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त झाली त्यांचे काय झाले? त्यांच्या नावावर जप्तीची नोंद चढली. पुन्हा कर्ज मिळण्याची वाट बंद झाली, म्हणून ती भाडेकरू बनली. आणि त्यांची जप्त घरे? ती 'ब्लॅकस्टोन'सारख्या वित्तभांडवली कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने स्वस्तात उचलली. त्यासाठी २०१२ साली उभारलेली 'इन्व्हिटेशन होम्स' ही कंपनी आज अमेरिकेतील सर्वांत मोठ्या घरमालकांपैकी एक आहे. म्हणजे वित्तभांडवलाने प्रथम माणसाचे घर घेतले, मग त्याची पत घेतली, आणि शेवटी तेच घर भाड्याने देताना त्याला विचारले, तुझी पत काय?

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली तिचा गाभा हाच होता की घरटंचाई ही एखाद्या वाईट घरमालकाची करणी नसून भांडवली उत्पादनपद्धतीची निष्पत्ती आहे, आणि ती पद्धत कायम ठेवून केलेला उपाय प्रश्नाला केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो. दीडशे वर्षांनी त्याचा प्रत्यय या नव्या रूपात येत आहे.

छोट्या घरमालकाचे काय?

येथे आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक घरमालक म्हणजे ब्लॅकस्टोन नव्हे. निवृत्त शिक्षक असतो, नवऱ्यामागे उरलेली एक खोली भाड्याने देऊन गुजराण करणारी विधवा असते. सहा महिने भाडे थकले तर तिच्या चुलीवर परिणाम होतो. अशांना शत्रूच्या गोटात ढकलणे ही राजकीय चूक ठरेल.

परंतु तिलाही या आकड्याने काही संरक्षण मिळत नाही. कर्जासाठी बनवलेला आकडा भाडेकरूविषयी फारसे काही सांगत नाही. ज्याने आजारपणात कार्डाचा हप्ता थकवला पण घरभाडे थकवले नाही, त्याची पत कमी दिसते. आणि गरीब माणूस सर्वांत आधी डोक्यावरचे छप्पर सांभाळतो, हे आपण वस्त्यांमध्ये रोज पाहतो. मागील भाड्याच्या पावत्या आणि आजची मिळकत, हा त्याहून खरा पुरावा आहे. छोट्या मालकाची अडचण खरी असेल तर तिचे उत्तर सार्वजनिक हमीनिधी हे आहे : आजार वा बेकारीमुळे भाडे थकल्यास ठरावीक काळ ते सरकारने भरावे. जोखीम समाजाने वाटून घ्यावी. ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर सात वर्षांसाठी लिहून ठेवू नये.

भाडेकरूंचा लढा : जिंकलेले आणि हिरावलेले

अमेरिकेतील भाडेकरू हे सारे मुकाट्याने सोसत आहेत असे समजू नका. न्यूयॉर्क राज्यात २०१९ साली भाडेकरू संघटनांच्या दडपणाखाली मोठा कायदा झाला. अर्जाचे शुल्क बंद झाले. छाननीच्या खर्चापोटी जास्तीत जास्त २० डॉलर घेता येतात. अनामत एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित झाली. आणि पूर्वीच्या न्यायालयीन दाव्यांच्या काळ्या यादीवरून घर नाकारण्यास मनाई झाली. मिनियापोलिस शहराने निव्वळ स्कोअरवरून नकार देण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२४ पासून सरकारी भाडेसाहाय्य घेणाऱ्या अर्जदारास पतनोंदीऐवजी भाडे देण्याच्या क्षमतेचा अन्य पुरावा देता येतो.

आपल्या उदाहरणातील स्त्रीच्या शहरात, कॅन्सस सिटीत, २०१९ साली 'केसी टेनंट्स' ही भाडेकरूंची संघटना उभी राहिली. तिच्या चळवळीमुळे जानेवारी २०२४ मध्ये नगरपालिकेने ठराव केला की केवळ कमी स्कोअर किंवा पूर्वीचा निष्कासनाचा दावा यांवरून घर नाकारता येणार नाही. हा कष्टकऱ्यांचा लक्षणीय विजय होता. परंतु पुढे काय झाले? २०२५ साली मिसूरी राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की कोणत्याही शहराला घरमालकांवर असे निर्बंध घालता येणार नाहीत. शहराने दिलेले राज्याने हिरावून घेतले. वैद्यकीय थकबाकीचेही असेच झाले. सुमारे दीड कोटी लोकांच्या नोंदींतून ४९ अब्ज डॉलरची वैद्यकीय थकबाकी काढून टाकणारा नियम जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला आणि जुलैमध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला.

यातून कोणता बोध घ्यावा? सुधारणा व्यर्थ असतात असा नव्हे. जिंकलेली प्रत्येक सुधारणा संघटित बळावरच टिकते, आणि राज्यसंस्था ज्या वर्गाच्या हाती आहे तो वर्ग ती परत घेण्याची संधी कधीही सोडत नाही, हा तो बोध. कॅन्सस सिटीतील भाडेकरूंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये भाडेसंपाचे हत्यार उपसले. १९१५ साली ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी हेच हत्यार वापरून ब्रिटिश सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावयास भाग पाडले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्या देशात

आता मी सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे घरमालक अजून सहसा स्कोअर विचारीत नाही. तो जात विचारतो, धर्म विचारतो, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतो, एकट्या स्त्रीला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. बंगळूरला दहा महिन्यांची अनामत मागण्याची रीत आपल्या तेथील सभासदांना चांगली ठाऊक आहे. २०१२ च्या सरकारी तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची तूट होती. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतीलच सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. या जुन्या भेदभावांविरुद्ध आपला लढा चालू आहेच. परंतु त्यांच्या शेजारी एक नवे दार बसवले जात आहे, तिकडे लक्ष वेधणे हा माझा हेतू आहे.

'सिबिल' ही संस्था २००० साली स्थापन झाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियनच्या मालकीची झालेली सिबिल, एक्सपेरियन, एक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. स्कोअर ३०० ते ९००. बचतगटातील बाईचे सूक्ष्मवित्ताचे कर्ज, हप्त्याने घेतलेला मोबाइल, मुलाचे शैक्षणिक कर्ज, सारे तेथे चढते. आणि ही नोंद कर्जापुरती राहिलेली नाही. बँकांच्या नोकरभरतीत समाधानकारक पतनोंदीची अट आली आहे. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेने अशा कारणावरून रद्द केलेली एक नेमणूक पुन्हा बहाल करण्यास नकार दिला. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी नोकरी हवी आणि नोकरीसाठी फेडलेले कर्ज हवे! नोकरीच्या दारावर जो आकडा आला तो घराच्या दारावर येण्यास कितीसा वेळ लागणार? घरे बड्या कंपन्यांच्या हाती जाऊ लागली आणि भाड्याचा व्यवहार मोबाइलवर होऊ लागला की कळ तेवढी दाबायची राहील.

याउलट बड्या भांडवलदारांकडे पहा. सरकारनेच संसदेत सांगितल्याप्रमाणे २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची थकीत कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते, असे सरकार म्हणते. ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली निकाली निघालेल्या कंपन्यांच्या बाबतीत धनकोंना त्यांच्या दाव्यांच्या सुमारे एक तृतीयांशच रक्कम मिळाली आहे. आणि अशी कंपनी नव्या मालकाच्या हाती जाताना तिची जुनी देणी संपुष्टात येतात. कायद्याच्या भाषेत तिला कोरी पाटी मिळते. कामगाराने मात्र बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले की त्याच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षे राहतो. कंपनीला कोरी पाटी आणि कामगाराला काळी यादी, हा या व्यवस्थेचा न्याय आहे.

आपली कामे

कॉम्रेड्स, या विषयावर केवळ उद्बोधन पुरेसे नाही. तीन कामे मी सुचवतो.

पहिले काम मागणीचे. पतनोंदीचा उपयोग कर्जव्यवहारापलीकडे, म्हणजे घर, नोकरी आणि शिक्षण यांसाठी, कायद्याने निषिद्ध करावा, ही मागणी कामगार संघटना, युवक, महिला आणि भाडेकरू संघटनांच्या मागणीपत्रकांत आली पाहिजे. नोंद अचूक असावी एवढ्यावर आपण थांबू नये. अचूक नोंदीच्या आधारेही आजारी माणसाला घर नाकारणे अन्यायाचेच आहे. सार्वजनिक भाड्याची घरे आणि भाडेनियंत्रण या आपल्या जुन्या मागण्या यामागे असल्याच पाहिजेत. मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा १९१८ सालचा आहे. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याच्या आडोशाने अकरा महिन्यांच्या परवान्याचा जो व्यवहार रूढ झाला, त्याने हे संरक्षण नव्या भाडेकरूंपुरते पोकळ केले. क्यूबाने १९६० साली नागरी सुधारणा कायदा करून भाडेकरूंना राहत्या घराचे मालक केले. केरळात २०१७ पासून 'लाइफ मिशन'खाली २०२४ पर्यंत चार लाखांहून अधिक घरे बांधली गेली. ती देताना कोणाचा स्कोअर पाहिला गेला नाही. कोणाला घर नाही, हे पाहिले गेले.

दुसरे काम सेवेचे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क आहे. चुकीविषयीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर २०२४ पासून दर दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. आणि तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव, हैदराबाद वा सोलापूर असो, युनियनच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवली तर शेकडो माणसे येतील. ती अर्ज लिहून घेण्यासाठी येतील आणि आपण सांगितले तर संघटनेत थांबतील.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे. आपल्या मराठी घरांत पत गेली म्हणजे अब्रू गेली असे मानतात. हप्ता थकलेला माणूस शेजाऱ्याला सांगत नाही, भावाला सांगत नाही, युनियनच्या सभेतही सांगत नाही. आपल्या पक्षाच्या सभासदांच्या घरांतही अशी गुपिते आहेत आणि ती ओझी माणसे एकेकटी वाहत आहेत. ही लाज म्हणजे या वहीचे सर्वांत बळकट कुलूप होय. जो कामगार बंद पडलेल्या कारखान्यापायी कर्जात गेला, त्याने खाली पाहण्याचे कारण नाही. हे त्याला सांगणे, आणि स्वतःविषयीही बोलण्याचे धैर्य दाखवणे, हे कम्युनिस्टाचे काम आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली, खतपत्रे आणि वह्या हिसकावून घेतल्या आणि जाळल्या. पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी तो वणवा पसरला. पाठोपाठ १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांना वही कोठे आहे हे ठाऊक होते. आजची वही अटलांटा आणि शिकागोच्या कंपन्यांच्या यंत्रांत आहे. ती पेटत्या काडीने जळणार नाही. ती निरुपयोगी करण्याचा मार्ग एकच आहे. जेथे जेथे ती माणसाच्या आणि घराच्या मध्ये उभी राहील, तेथे तेथे संघटित बळाने आणि कायद्याने तिला हटवणे. अमेरिकेतील भाडेकरूंनी सुरुवात केली आहे. आपल्या दारावर ती वही येण्याआधी आपण उभे राहू या.

लाल सलाम.